काळ्या मातीचं झाकण: कचरा डेपोतलं घाण पाणी विहिरीत उतरू नये म्हणून काय आणि कसं बांधायचं

एक हेक्टर, म्हणजे अडीच एकराचा कचरा डेपो धरा. मराठवाड्यात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. तेवढा पाऊस या अडीच एकरावर पडला की सत्तर लाख लिटर पाणी होतं. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर सातशे टँकर. उघड्या, खड्ड्याखळग्यांच्या ढिगात त्यातला चौथा हिस्सा जरी मुरला तरी पावणेदोनशे टँकर पाणी कचरा धुऊन खाली उतरतं, आणि हे दरवर्षी. खाली मुरूम, त्याखाली भेगाळ कातळ, आणि त्या भेगांवरच आजूबाजूच्या शिवारातल्या विहिरी जगतात. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात एक विहीर नासणं किती महागात पडतं हे वेगळं सांगायला नको.

कचऱ्यातली घाण स्वतःहून खाली जात नाही, तिला पाणी नेतं. वरून येणारं पाणी तोडलं की तिचा वेग मोडतो. कचऱ्याच्या ढिगावर घालायच्या झाकणाचं काम एवढंच, पण ते नीट व्हायला लागतं. हा लेख नगरपंचायत-नगरपरिषदेत नव्यानं रुजू झालेल्या अभियंत्यांसाठी, अशी कामं घेणाऱ्या ठेकेदारांसाठी आणि डेपोशेजारी राहणाऱ्या, काम तपासू पाहणाऱ्या गावकऱ्यांसाठी आहे.

आधी ठरवा: इथे झाकण चालेल का?

पहिली तपासणी ऑक्टोबरमध्ये करा. पावसाळा संपताना भूजल सगळ्यात वर असतं. डेपोभोवतीच्या तीन-चार विहिरींची पाणीपातळी मोजा आणि कचऱ्याच्या तळाशी ताडून बघा. पाणी तळापर्यंत चढत असेल तर कचरा खालूनच भिजतो आहे आणि वर कितीही भारी झाकण घातलं तरी उपयोग नाही. जुन्या दगडखाणीत कचरा भरलेला असतो तिथे हे हमखास घडतं. कातळातली खदान म्हणजे हौदच. बाजूच्या मुरमातून पाणी त्यात पाझरत राहतं. अशा जागी कचरा उपसून काढणं हाच खरा उपाय.

दुसरं, कचरा काढता येतो का ते बघा. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांतही हाच क्रम होता: जुन्या डेपोचं आधी बायोमायनिंग, म्हणजे जुना कचरा उकरून, चाळून, वेगळा करून हलवणं, जमतं का ते तपासायचं, ते शक्य नसेल तर शास्त्रीय पद्धतीनं झाकायचं. ढिगात कारखान्याचा गाळ, रंग, तेलकट राळ अशा गोष्टी असतील तर काम थांबवा. घातक कचऱ्याचे नियम वेगळे आहेत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीशिवाय त्याला हात लावायचा नाही.

तिसरं, जी घाण आधीच मुरमात उतरलेली आहे ती झाकण घातल्यावरही काही वर्षं खाली सरकत राहते. विहिरीचं पाणी पुढच्या पावसाळ्यात गोड होईल असा शब्द गावाला देऊ नका.

काळी माती: हातचं सोनं, पण उन्हाळ्यात दगा देणारं

मराठवाड्यात झाकणाचं काम फसतं ते बहुतेक इथेच. काळी माती ओली असताना पाणी अजिबात सोडत नाही. २०१६ च्या नियमाला हवी असलेली पारगम्यता (मातीतून पाणी झिरपण्याचा वेग), सेकंदाला १ × १०⁻⁷ सेंटिमीटर, ती दाबून बसवली की सहज देते. म्हणून वाटतं, माती फुकट आहे, टाकली आणि रोलर फिरवला की झालं. मग एप्रिल येतो. उघड्या काळ्या रानात भेगेत ज्वारीचं ताट सोडून बघा, हातभर सहज खाली जातं. झाकणाचंही तेच होतं. जूनचा पहिला मोठा पाऊस त्या भेगांतून थेट कचऱ्यात उतरतो, आणि माती फुगून भेगा मिटेपर्यंत महिन्याभराचं पाणी आत गेलेलं असतं. जुलैत कुणी पाहणीला आलं तर झाकण अगदी अखंड दिसतं!

म्हणून या भागातल्या आराखड्याचा एकच नियम: पाणी अडवणारा मातीचा थर कधीच वाळू द्यायचा नाही. पुढची प्रत्येक पायरी त्यासाठी आहे.

मातीची फुगण्याची ताकद अशी मोजा. भट्टीत वाळवलेली, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली माती १०-१० ग्रॅम घ्या. १०० मिलीच्या दोन मोजनळ्यांत टाका. एकीत पाणी भरा, दुसरीत रॉकेल. काडीनं ढवळून बुडबुडे काढा आणि २४ तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. समजा रॉकेलमध्ये ती ११ मिलीवर बसली आणि पाण्यात २० मिलीवर, तर फरक ९, त्याला ११ नं भागलं की ८२ टक्के. ५० टक्क्यांच्या वर आकडा आला की ती माती एकटी वापरायची नाही.

मग तिच्यात बारीक चाळलेला मुरूम मिसळायचा. काळी माती आणि मुरूम ७०:३०, ६०:४० आणि ५०:५० असे तीन नमुने करून प्रयोगशाळेत द्या. तीन गोष्टी मागा: पारगम्यता १ × १०⁻⁷ च्या आत, प्लॅस्टिसिटी इंडेक्स (माती मळता येण्याजोगी राहते तो ओलीचा पल्ला) १० ते ३० च्या दरम्यान, आणि दाबलेला नमुना वाळवल्यावर आकारमानातली घट ४ टक्क्यांच्या आत. हा तिसरा आकडा निविदेत बहुधा नसतो. तो मागून घ्याच, भेगांचा अंदाज त्यावरूनच येतो. मुरूम जास्त झाला की पारगम्यता हातातून जाते, कमी पडला की घट वाढते. तिन्ही अटी पाळणारं प्रमाण सापडलं नाही तर थोडं बेंटोनाइट (पाण्यात खूप फुगणारी बारीक चिकणमाती) घालून पुन्हा नमुने करा.

थर, खालून वर

कचऱ्याचा ढीग आधी सारखा करून, दाबून घ्या. माथ्याला ३ ते ५ टक्के उतार ठेवा. बाजूचा उतार आडवे तीन, उभा एक यापेक्षा उभा नको. कचरा पुढची कित्येक वर्षं बसत जातो, म्हणून सुरुवातीचा उतार ५ टक्क्यांच्या जवळ ठेवणं शहाणपणाचं. २ टक्क्यांनी सुरुवात केली तर तीन-चार वर्षांत माथ्यावर डबकी दिसू लागतात.

त्यावर ३० सेंटिमीटर मुरूम, दाबून. त्यावर गॅससाठी ३० सेंटिमीटर खडीचा थर, त्यात छिद्रांचे पाइप आणि साधारण एकरी एक उभा व्हेंट, म्हणजे गॅस बाहेर सोडणारा पाइप. घरगुती कचऱ्यातून मिथेन निघतो; हवेत तो ५ ते १५ टक्के झाला की ठिणगीनं भडका उडतो. वाट दिली नाही तर तो वरच्या प्लॅस्टिकच्या कागदाला खालून फुगवतो, नाहीतर बाजूनं शेजारच्या घराच्या पायापर्यंत जातो.

त्यावर पाणी अडवणारा मातीचा थर, ६० सेंटिमीटर. त्यावर १.५ मिलिमीटरचा एचडीपीई, म्हणजे जाड प्लॅस्टिकचा, कागद. त्यावर जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं जाड कापड), मग १५ सेंटिमीटर धुतलेल्या खडीचा निचऱ्याचा थर, पुन्हा जिओटेक्स्टाइल आणि शेवटी गवताची माती. २०१६ च्या नियमात या मातीची जाडी ४५ सेंटिमीटर होती. मराठवाड्यात ७५ ते ९० ठेवा. उन्हाळ्याची ओढ खालपर्यंत पोचते आणि ४५ सेंटिमीटर माती ती अडवू शकत नाही.

२०१६ च्या नियमातल्या अखेरच्या झाकणात कागदाची सक्ती नव्हती. ६० सेंटिमीटर माती, १५ निचरा, ४५ गवत एवढंच होतं. पैसे वाचवायला कागद गाळण्याचा मोह होतो. इथे तो गाळू नका. मातीचा ओलावा खालीच कोंडून ठेवणारी गोष्ट तीच आहे.

काही जण विचारतात, नुसत्या जाड मातीत पाऊस साठवायचा आणि गवतानं तो उडवून टाकायचा, असं झाकण का नको? अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्ड इथे १९९४ मध्ये असं झाकण प्रयोगासाठी बांधलं. वर २ मीटर गाळवट माती, खाली वाळू आणि खडी, त्याखाली बेसाल्टचे दगड, म्हणजे आपल्यासारखाच काळा पाषाण, आणि तळाला डांबरी काँक्रीटचा थर. ते उत्तम चाललं. पण तिथे वर्षाचा पाऊस आपल्या चौथ्या हिश्शाएवढा आणि तोही मुख्यतः हिवाळ्यात. आपल्याकडे एका महसूल मंडळात दिवसात ६५ मिलिमीटर पडला की अतिवृष्टी धरतात आणि असे दोन-तीन दिवस लागोपाठ येतात. मीटरभर काळ्या मातीत झाडाला मिळेल असं पाणी साधारण १५० ते २०० मिलिमीटर साठतं. ऑगस्टमध्ये ती भरलेलीच असते, मग पुढचा पाऊस कुठे ठेवायचा? ही कल्पना अडवणाऱ्या थराच्या वर मदतीला घ्या, त्याच्या जागी नको.

मातीचा थर कधी आणि कसा बसवायचा

काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात करा. याला कारण पाणी. एक हेक्टरवर ६० सेंटिमीटर म्हणजे ६,००० घनमीटर दाबलेली माती. सुटी धरली तर सुमारे ७,८०० घनमीटर, म्हणजे पावणेतीन हजार ब्रास. ५ ब्रासच्या हायवाच्या साडेपाचशे खेपा. कोरड्या मातीचं वजन साधारण ९,००० टन. मेमध्ये खणलेल्या मातीत ओल १२ टक्के असेल आणि तुम्हाला २६ लागणार असेल, तर १२ लाख ६० हजार लिटर पाणी घालावं लागेल: १२६ टँकर, नेमके टंचाईच्या महिन्यात. तीच माती दिवाळीनंतर २० टक्के ओलीची मिळाली तर ५४ टँकरांत भागतं. शिवाय मेच्या उन्हात पसरलेला थर दोन-तीन तासांत पांढरा पडतो.

ओल ठरवताना प्रॉक्टर चाचणीतल्या (माती सगळ्यात घट्ट दबते त्या) ओलीपेक्षा २ ते ४ टक्के जास्त धरा. रस्त्याच्या कामावरून आलेले लोक इथे चुकतात. रस्त्याला ताकद हवी असते म्हणून ते कोरडं दाबतात. झाकणाला बंद छिद्रं हवी असतात आणि ती किंचित ओल्या मातीतच मिळतात.

ढेकळं आधी रोटाव्हेटरनं फोडा, आवळ्यापेक्षा मोठं ढेकूळ ठेवू नका. पाणी मारून निदान २४ तास, जमलं तर ४८ तास ढीग झाकून ठेवा. मग एक ढेकूळ हातात घेऊन मोडा. बाहेरून काळं आणि आतून फिकं दिसलं तर ओल आत पोचलेली नाही, अजून थांबा. असं ढेकूळ रोलरखाली चपटं होतं पण शेजारच्या मातीत मिसळत नाही. दोन ढेकळांच्या मधून पाणी वाट काढतं.

सुटी माती २० ते २२ सेंटिमीटर पसरा, दाबून १५ व्हायला हवी. असे चार थर. पॅडफूट रोलर वापरा, गुळगुळीत नको. त्याचे खूर नव्या थरातून खालच्या थरात घुसले पाहिजेत, तेव्हाच दोन थर सांधले जातात. प्रत्येक थरावर निदान ६ ते ८ फेऱ्या. नवा थर टाकण्याआधी जुन्यावर पाणी शिंपडा आणि वरचा पापुद्रा खरवडून घ्या. गुळगुळीत रोलरनं बसवलेल्या थरांच्या मधल्या सांध्यातून पाणी आडवं पळतं आणि कुठल्यातरी भेगेतून खाली जातं. फक्त शेवटच्या, चौथ्या थराला गुळगुळीत रोलर लावायचा, कारण त्यावर कागद बसणार असतो.

प्रत्येक थरावर दर ५०० चौरस मीटरला एक कोअर कटर चाचणी (लोखंडी नळी ठोकून, नमुना काढून घनता मोजणं) घ्या, घनता प्रॉक्टरच्या ९५ टक्क्यांवर हवी. चाचणीचं भोक बेंटोनाइटच्या पेस्टनं ठासून भरा. न भरलेलं भोक म्हणजे आपणच पाडलेलं छिद्र.

पारगम्यता जागेवर लोखंडी रिंग ठोकून मोजू नका. १ × १०⁻⁷ म्हणजे दिवसाला फक्त ०.०९ मिलिमीटर पाणी उतरणं. उन्हाळ्यात उघड्या पाण्याची वाफ त्याच्या शंभरपट होते, त्यामुळे मोजलेला आकडा वाफेचाच असतो. थरातून नळीनं अखंड नमुना काढा आणि प्रयोगशाळेत पाठवा.

संध्याकाळी काम थांबवताना थर उघडा ठेवू नका. ओली गोणपाटं किंवा ताडपत्री टाका. सकाळी नखभर भेग दिसली तर तेवढा पट्टा नांगरून, भिजवून, पुन्हा दाबा. वरून पाण्याचा शिडकावा करून भेग मिटल्यासारखी दिसते, पण तिच्या दोन कडा सांधत नाहीत.

कागद

शेततळ्यामुळे कागद म्हटलं की आपल्याकडे ५०० मायक्रॉन डोळ्यांसमोर येतो. इथे तो नको. वर मीटरभर माती आणि तिच्यावरून फिरणारी यंत्रं त्याला फाडतील.

एचडीपीई उन्हात खूप वाढतं. पहाटेच्या आणि दुपारच्या तापमानात ३० अंशांचा फरक पडला तर ५० मीटरचा पट्टा २० ते ३० सेंटिमीटरनं लांबतो. दुपारी ताणून लावला तर रात्री आखडून सांध्यावर ओढ येते. पहाटे लावून दुपारी झाकला तर सुरकुत्या मातीखाली कायमच्या दाबल्या जातात. म्हणून पट्टा अंथरताना थोडा सैल सोडा आणि वरची खडी-माती सकाळी, कागद थंड आणि सपाट असताना टाका. बाजूच्या उतारावर खरबरीत कागदच घ्या. गुळगुळीत कागदावर ओली माती पहिल्याच पावसाळ्यात घसरते.

जोड गरम वेजच्या (तापलेल्या पाचरीनं प्लॅस्टिक वितळवून चिकटवणाऱ्या) यंत्रानं दुहेरी घ्या, मधे हवेची नळी राहते. ती दोन्ही टोकांना बंद करून २ किलो प्रति चौरस सेंटिमीटर हवा भरा आणि ५ मिनिटं काटा बघा. काटा पडत असेल तर जोड गळतो आहे. रोज सकाळी आणि दुपारी काम सुरू करण्याआधी एक तुकडा जोडून, कापून, ओढून बघा. जोड सुटायच्या आधी कागद फाटला पाहिजे. व्हेंट पाइपाभोवतीचे ठिगळी जोड सगळ्यात जास्त गळतात. तिथे साबणाचं पाणी आणि व्हॅक्यूमची पेटी वापरा.

कडेला ६० × ६० सेंटिमीटरचा चर खणून कागदाची कड त्यात पुरा.

कड आणि चर

झाकण कचऱ्याच्या कडेवर संपवू नका, निदान ५ मीटर बाहेर काढा. कडेबाहेर पडलेलं पाणी मुरमात सरळ खाली न जाता आडवंही पसरतं आणि ढिगाखाली शिरतं. चढाच्या बाजूला मुरूम उथळ असेल तर तिथे कातळापर्यंत चर खणून येणारं पाणी आधीच वळवा.

पावसाच्या पाण्याचा हिशोब: तासाला ६० मिलिमीटरची सर, एक हेक्टर, ६० टक्के वाहून जाणं धरलं तर सेकंदाला १०० लिटर. तळाला ४५ सेंटिमीटर, बाजू दीडास एक, ४५ सेंटिमीटर खोल आणि अर्धा टक्का उताराचा मातीचा चर काठोकाठ भरला तर याच्या चौपट किंवा जास्त पाणी नेतो. ती जास्तीची जागा वाया जाणारी नाही, कारण पहिल्या दोन पावसाळ्यांत गवत धरेपर्यंत चर गाळानं अर्धा भरतो. चराचं पाणी विहिरीच्या किंवा पाझर तलावाच्या वाटेला सोडू नका.

गवत

पहिल्या पावसाला मारवेल आणि हराळी लावा. २०१६ चा नियम सांगत होता, मुळं ३० सेंटिमीटरच्या आत राहणारी, खाण्यात न येणारी बारमाही झाडं. धूप थांबवायला वाळा सुचवला जातो, पण त्याची मुळं फार खोल जातात; तो चराच्या बाहेरच्या कडेला ठेवा, माथ्यावर नको. सुबाभूळ, वेडी बाभूळ आणि कडुनिंब यांची रोपं दर श्रावणात आणि दर दिवाळीला उपटा. हात लावून निघेल तेव्हाच काढा. मनगटाएवढं खोड झाल्यावर मूळ निचऱ्याच्या थरात पोचलेलं असतं. शेळ्या आत येऊ देऊ नका. घुशी बिळं करतात तिथे निचऱ्याच्या थरावर मुठीएवढ्या दगडांचा पट्टा टाका.

बांधून झाल्यावर

काम चालू असतानाच झाकणाखाली ३ × ३ मीटरचं एक उथळ प्लॅस्टिकचं ताट पुरून ठेवा आणि त्यातून पाइप बाहेर डब्यात आणा. झाकणातून १ मिलिमीटर पाणी उतरलं तर डब्यात ९ लिटर जमतं. दोन-तीन हजारांच्या सामानात झाकण चालतंय की नाही हे दर महिन्याला कळतं, तरी बहुतेक आराखड्यांत ते नसतं.

विहिरींचे नमुने दरवर्षी मे आणि ऑक्टोबरमध्ये घ्या: चढाकडची एक, उताराकडच्या निदान तीन. पहिला नमुना काम सुरू होण्याआधीचा हवा, नाहीतर पुढे तुलना कशाशी करणार? नायट्रेटवर एकट्यावर भिस्त ठेवू नका. युरियामुळे शिवारातल्या विहिरीत ते आधीच ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपलीकडे असू शकतं. डेपोची खूण क्लोराइड, अमोनिया आणि सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) यांत दिसते. तिन्ही एकदम वाढले आणि चढाकडच्या विहिरीत नाही वाढले, तर गळती आहे असं समजा.

२०१६ च्या नियमाप्रमाणे बंद केलेल्या जागेची देखभाल निदान १५ वर्षं करायची होती. त्यातली पहिली ५ सगळ्यात कठीण, कारण कचरा तेव्हाच वेगानं बसतो. दर मेमध्ये माथ्यावर चालून बघा. गवत एका जागी वाळून ठिगळ पडलं असेल तर खालून गॅस येतो आहे. पावसाळ्यात एका जागी गवत जास्तच हिरवं दिसलं तर तिथे खळगा पडून पाणी साचतंय. तो पावसाआधी मुरूम-मातीनं भरून उतार पुन्हा ओढा, आणि भरण्याआधी तेवढ्या भागातली माती हातानं उकरून कागद ताणला गेला आहे का ते तपासा. पोकलेनचे दात तिथे लावू नका.